वेळापत्रकात उजळणीचा तास कुठे आहे?

परीक्षा तोंडावर आली की शाळेतून घरी एक ठरलेला निरोप येतो : मुलांकडून उजळणी करून घ्या. कशी करून घ्यायची, हे निरोपात नसतं. शिकवणं हे शाळेचं काम आणि शिकवलेलं डोक्यात टिकवणं हे मुलाचं, फार तर त्याच्या आईवडिलांचं, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यावर कुणी वादही घालत नाही. मला ती वाटणीच मान्य नाही. निदान माध्यमिक शाळेतल्या विज्ञानापुरतं तरी उजळणी हा शिकवण्याचाच भाग आहे. ती शाळेच्या तासात, शिक्षकांच्या देखत व्हायला हवी आणि तिला मार्क असता कामा नयेत.

मूल एकटं उजळणीला बसतं तेव्हा काय करतं? धडा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतं. महत्त्वाच्या वाक्यांवर हायलाइटर फिरवतं; थोड्या वेळाने बिनमहत्त्वाचं वाक्य शोधावं लागतं, इतकं पान पिवळं होतं. व्याख्या दोन-चारदा पुटपुटतं. शेवटी स्वाध्यायाचे प्रश्न वाचून लगेच गाईडमधली उत्तरं बघतं आणि ‘हो, हे येतं मला’ म्हणून पान उलटतं. यात आळस कुठेच नाही. पोर दोन तास मान मोडून बसलेलं असतं. पण दुसऱ्यांदा वाचलेला मजकूर पहिल्यापेक्षा भरभर वाचून होतो, ओळखीचा वाटतो, आणि ओळख पटली म्हणजे आपल्याला ते येतं असं प्रत्येकालाच वाटतं. परीक्षेत धडा समोर नसतो. तिथे ओळखायचं नसतं, कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं असतं, आणि नेमका त्याचाच सराव आदल्या दोन तासांत एकदाही झालेला नसतो.

अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हा फरक स्वच्छ दाखवून दिला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता : त्यांना 83 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 71. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे 40 टक्क्यांवर घसरले होते आणि आठवणारे 61 वर टिकून होते. आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा मात्र वाचणाऱ्या गटालाच अधिक होता.

मला यातला पाच मिनिटांचा आकडा आठवड्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आदल्या रात्री धडे वाचून काढणारं मूल दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी पेपर लिहून येतं, म्हणून त्याला आपली पद्धत बरोबरच वाटते. घटक चाचणीत मार्क पडतात, घरचे खूश होतात. तीन महिन्यांनी त्याच धड्यावर पुढचा धडा उभा राहतो तेव्हा खाली काहीच उरलेलं नसतं, पण दोष त्या रात्रीच्या वाचनाला कुणी देत नाही. ‘याचं विज्ञान कच्चं आहे’ एवढंच म्हटलं जातं.

बरं, हे काही कालपरवा कळलेलं नाही. 1885 साली हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा मोठा झपाटा पहिल्या दिवसातच असतो आणि नंतर तो मंदावतो. 1917 मध्ये आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग करून, वाचनापेक्षा न बघता म्हणून पाहण्यात जास्त वेळ घालवणं फायद्याचं ठरतं हे मांडलं. 1939 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर यांनी सहावीच्या 3,605 मुलांना घेऊन तपासलं, आणि वाचल्यावर लवकर एक छोटी चाचणी झाली तर विसरणं खूप कमी होतं हे दिसलं. 2013 साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती एकत्र तपासल्या. स्वतःला प्रश्न विचारणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं या दोनच पद्धती वरच्या श्रेणीत आल्या. अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं. म्हणजे बहुतेक मुलांची पहिली निवड जी, तीच तळाला. शंभर वर्षांहून जुनी ही माहिती शाळेच्या वेळापत्रकात उतरत नाही, याचं खापर मुलांच्या डोक्यावर कसं फोडायचं?

विज्ञानाचा आग्रह मी वेगळा धरतो त्याला कारण आहे. विज्ञानातली चूक वाचताना दिसतच नाही. समजा 6 ओहम आणि 3 ओहमचे दोन रोध समांतर जोडले आहेत आणि परिणामी रोध काढायचा आहे. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं सरळ असतं : एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश, म्हणजे एक द्वितीयांश, म्हणून उत्तर 2 ओहम. कोऱ्या कागदावर हेच करायला द्या. काही मुलं 9 लिहितात. त्यांनी एकसर जोडणीचं सूत्र वापरलेलं असतं. बरीच मुलं 0.5 ओहम लिहून मोकळी होतात, कारण बेरीज झाली की काम संपलं असं त्यांना वाटतं. ते उत्तर उलटं करायचं राहिलंय हे ध्यानातच येत नाही. आता ‘समांतर जोडणीत उत्तर सर्वांत लहान रोधापेक्षाही लहान येतं’ हा नियम ज्याला पाठ आहे त्याला 9 चूक आहे हे कळेल. पण 0.5 या चाळणीतून आरामात निसटतं, तेही 3 पेक्षा लहानच आहे. ते पकडायला आणखी एक पाऊल लागतं. 3 ओहमचे दोन सारखे रोध समांतर असते तर उत्तर 1.5 आलं असतं. इथे एकाच्या जागी 6 चा रोध आहे, म्हणजे प्रवाहाला अडथळा जास्त, म्हणून उत्तर 1.5 पेक्षा मोठं आणि 3 पेक्षा लहान असायलाच हवं. हे ज्या मुलीने एकदा स्वतः चुकून, मग खाडाखोड करून शोधलं, तिला समांतर जोडणी कळली. उदाहरण दहा वेळा वाचणाऱ्याला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं.

आकृत्यांचंही तेच. बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती पुस्तकात इतकी नीटनेटकी असते की ती पाहून कुणालाही समजल्यासारखं वाटावं. पुस्तक मिटून काढायला लावली की पेन्सिल अडखळते. मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण अलीकडच्या नाभीतून जाणार की पलीकडच्या? वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतराच्या मध्ये असेल तोवर मुलं कशीबशी तग धरतात. तीच वस्तू नाभीच्याही आत, भिंगाजवळ सरकवा. आता पलीकडे गेलेले किरण एकत्र येतच नाहीत, फाकत जातात. प्रतिमा मिळवायची तर ते वस्तूच्या बाजूला मागे वाढवावे लागतात. पुस्तकातल्या तुटक रेषा तिथे का होत्या, हे बहुतेकांना पहिल्यांदा या क्षणी कळतं. आणि हा क्षण घरी, एकट्याने, पुस्तक उघडं ठेवून अभ्यास करताना येत नाही.

म्हणून ही गोष्ट वर्गात आणायला हवी, आणि ती फार साधी आहे. विज्ञानाच्या तासाची पहिली दहा मिनिटं. फळ्यावर चार-पाच प्रश्न : दोन कालच्या धड्यावरचे, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा, जमलं तर एक मागच्या इयत्तेतला. वह्या-पुस्तकं बंद. मुलं रफ वहीत उत्तरं लिहितात, शिक्षक लगेच उत्तरं सांगतात, ज्याचं त्याने तपासायचं, चुकलेलं वेगळ्या रंगाने दुरुस्त करायचं. वह्या गोळा करायच्या नाहीत. शिक्षकांनी फक्त विचारायचं, ‘तिसरा कुणाकुणाचा चुकला?’ आणि वर आलेल्या हातांकडे बघायचं. लगेच तपासण्यावर माझा जोर आहे, कारण चुकीचं आठवून ते तसंच सोडून दिलं तर चूकच घट्ट बसण्याचा धोका असतो.

जुन्या धड्यांचे प्रश्न मुद्दाम मिसळायचे, यालाही आधार आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये घनफळाच्या गणितांवर प्रयोग केला. एका गटाने एका प्रकारची सगळी गणितं ओळीने सोडवली, मग पुढचा प्रकार. दुसऱ्या गटाला सगळे प्रकार सरमिसळ करून दिले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची 89 टक्के गणितं बरोबर, दुसऱ्याची 60. आठवड्यानंतर पहिला गट 20 टक्क्यांवर आला, दुसरा 63 वर राहिला. उलगडा अवघड नाही. ‘गतीविषयक समीकरणे’ या शीर्षकाखालची दहा उदाहरणं सोडवताना कोणतं सूत्र वापरायचं हा प्रश्नच पडत नाही, शीर्षकानेच उत्तर दिलेलं असतं. 1981 मध्ये मिशेलिन ची या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाहिलं होतं की भौतिकशास्त्रातले नवशिके उदाहरणांची गटवारी वरवरच्या खुणांवरून करतात, उतार असलेली एकीकडे, स्प्रिंग असलेली दुसरीकडे. तज्ज्ञ मात्र त्यामागचं तत्त्व बघतात, ऊर्जेच्या अक्षय्यतेची एका जागी ठेवतात. ही नजर यायची तर उतार, स्प्रिंग आणि वर फेकलेला चेंडू एकाच पानावर यायला हवेत. आपल्या स्वाध्यायांची रचना याच्या बरोबर उलट आहे, आणि ती बदलायला पाठ्यपुस्तक मंडळांना एक पैसाही जास्त खर्च करावा लागणार नाही.

अंतराचाही मुद्दा आहे. किती दिवसांनी उजळणी करावी याचा निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांचा 2008 चा मोठा अभ्यास असं सांगतो की हे अंतर गोष्ट किती काळ लक्षात ठेवायची यावर अवलंबून असतं. काही महिन्यांसाठी लक्षात ठेवायचं असेल तर आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे या हिशेबात ते जातं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने पाच-सहा विषयांच्या पन्नास-साठ धड्यांचं असं कॅलेंडर स्वतः सांभाळावं, ही अपेक्षा मोठ्यांकडूनही पुरी होणार नाही. शिक्षकांकडे वार्षिक नियोजन असतंच. त्यात एक रकाना वाढवला की झालं.

आता आक्षेप. सर्वांत जोरात येणारा : ही तर घोकंपट्टीच झाली, आम्हाला मुलांना समजून घ्यायला शिकवायचंय. हा आक्षेप मला नेहमी थोडा ऐटीचा वाटतो. ‘प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या लिहा’ एवढाच प्रश्न रोज विचारला तर ती घोकंपट्टी होईलच. पण ‘झाडाचं वजन वाढतं ते मुख्यतः मातीमुळे की हवेमुळे, आणि कशावरून?’ हाही आठवून उत्तर देण्याचाच प्रश्न आहे. आणि पाठ असण्याला एवढं हिणवण्याचंही कारण नाही. कॅल्शियमची संयुजा 2 आणि क्लोरीनची 1 हे ज्याला प्रत्येक वेळी पुस्तकात बघावं लागतं, त्याचं अर्धं डोकं शोधण्यातच खर्च होतं, समीकरण संतुलित करायला उरतं काय? 2011 मध्ये कार्पिके आणि जॅनेल ब्लंट यांनी विज्ञानाच्या उताऱ्यांवर आठवून लिहिण्याची तुलना संकल्पना-नकाशा, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्यातले संबंध दाखवणारी आकृती, काढण्याशी केली. समज वाढवणारी म्हणून जिचं कौतुक होतं ती ही नकाशांची पद्धत मागे पडली, अनुमान काढायला लावणाऱ्या प्रश्नांतही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. जे मुळातच समजलेलं नाही त्याची चाचणी घेऊन काही हाती लागत नाही. पूर्ण नवीन प्रकारचं गणित असेल तर आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं नीट अभ्यासणं जास्त उपयोगी पडतं. जॉन स्वेलर यांनी 1985 पासून हे बीजगणितावर दाखवलं आहे. तेव्हा ही दहा मिनिटं शिकवण्याची जागा घेऊ शकत नाहीत. ज्या शाळेत विज्ञानाला पूर्णवेळ शिक्षकच नाही, तिथे फळ्यावरचे प्रश्न कितीही चांगले असोत, त्यांचा उपयोग मर्यादितच राहील.

दुसरा आक्षेप भीतीचा : आधीच परीक्षांनी पोरं बेजार, त्यात रोज चाचणी? काळजी रास्त आहे, पण भीती प्रश्नाची नसते, प्रश्नाच्या निकालाची असते. पूजा अगरवाल आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अशा वर्गांतल्या 1,400 हून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा 72 टक्के मुलांनी सांगितलं की या छोट्या प्रश्नांमुळे मोठ्या परीक्षेची धास्ती कमी झाली. न पटण्यासारखं यात काही नाही. ज्याने शंभर वेळा पुस्तक मिटून आठवून पाहिलंय आणि निम्म्या वेळा चुकलंय, त्याला कोरा कागद नवीन राहत नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खरा आहे. चाळीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं म्हणजे पाव तास नव्हे, तासाचा पाव हिस्सा. पोर्शन कधी संपवायचा? यावर ‘वेळ काढलात तर निघेल’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा वर्गावर उभं राहून बघावं. वेळ कशातून तरी काढावाच लागेल, आणि माझ्या मते तो उत्तरं उतरवून देण्यातून काढावा. धडा संपला की स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहायची किंवा सांगायची आणि मुलांनी ती वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायची, यात आठवड्याचे किती तास जातात याचा हिशेब शाळांनी एकदा मांडावा. त्या उतरवण्यात कुणी काही आठवत नाही, कुणी काही विचार करत नाही. भरलेली वही तपासणीला दाखवता येते, हा एकच फायदा. शिवाय पोर्शन संपला याचा अर्थ काय धरायचा? नववीत शिकवलेले गतीचे नियम दहावीत गुरुत्वाकर्षण आलं की पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागतात, तेव्हा तो वेळ कुठल्या हिशेबात धरतात?

आणि घरी ढकललेल्या उजळणीची एक किंमत आहे, जी सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्या घरात संध्याकाळी कुणीतरी पुस्तक हातात धरून ‘सांग बघू’ म्हणायला मोकळं असतं, तिथल्या मुलाची आठवण्याची उजळणी नकळत होते. खासगी शिकवण्या तर मुख्यतः हेच विकतात : शिकवणं शाळेतल्यासारखंच, पण दर आठवड्याला टेस्ट. ज्याच्या घरी विचारणारं कुणी नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत, ते मूल हायलाइटर घेऊन एकटं बसतं. दोघांच्या मार्कांतला फरक पुढे हुशारीचा म्हणून मोजला जातो. वर्गातली दहा मिनिटं हा फरक पुसणार नाहीत, पण निदान शाळेच्या बाजूने त्यात भर तरी पडणार नाही.

राहिला मार्कांचा प्रश्न, आणि सगळं बारगळतं ते इथेच. प्रयोग म्हणून अशी दहा मिनिटं सुरू झाली की थोड्याच दिवसांत कुणीतरी विचारतं, याची नोंद कुठे ठेवायची? मग तक्ता येतो, तक्त्यात मार्क येतात, मार्क पालकांपर्यंत जातात, आणि मुलं शेजाऱ्याच्या वहीत बघू लागतात. चूक लपवणं फायद्याचं झालं की त्या दहा मिनिटांतला सगळा जीव जातो. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती, असं विचारा. मार्क नसतील तर निम्म्याहून अधिक वर्ग ‘शून्य’ म्हणून खुशाल हात वर करतो. वेग शून्य असला तरी त्वरण तेच, खालच्या दिशेने सेकंदाला सेकंदाला 9.8 मीटर, हे सांगितल्यावर वर्गात जो गलका होतो त्यात शिकणं असतं. ठाम खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं की त्याची दुरुस्ती उलट जास्त पक्की बसते, हे ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांच्या 2001 च्या प्रयोगातून दिसलं आहे. तेच मार्कांसाठी विचारलं तर खात्री असूनही पोरं आधी सरांच्या चेहऱ्याकडे बघतील.

मग अधिकाऱ्यांच्या भेटीत हे काम दाखवायचं कसं, असा प्रश्न मुख्याध्यापकांना पडणार, आणि तो रास्तच आहे, कारण भेटीत कागद मागितले जातात. त्यांना रफ वह्या दाखवाव्यात. खाडाखोड केलेल्या, वेगळ्या रंगात दुरुस्त्या असलेल्या, मार्क नसलेल्या. शेरा मारायचा तर त्यावर मारा. पण एकही चूक नसलेली विज्ञानाची वही समोर आली तर अधिकाऱ्यांनी आधी ती कशावरून उतरवली हे विचारावं.